एक ठोका कमी

सुनंदाक्का खुर्चीत नीट बसलेली मला आठवतच नाही. खुर्चीवर एक गुडघा टेकवून ती उभ्यानेच काम करायची, आणि हात रिकामा असला की अंगठा तर्जनीवर सारखा फिरत असायचा. तिची आई निपाणीत विड्या वळायची. त्या तपासायला जाण्याआधी लहानगी सुनंदा एकेक विडी चाचपून वाईट तेवढी बाजूला काढायची, आईचा माल छाटीत, म्हणजे नापास मालात, जाऊ नये म्हणून. पुढे तीच बोटं बेळगावातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कळफलकावर आली, पण चाचपायची सवय काही गेली नाही.

"डोळा लई फसवतोय गं," ती म्हणायची. "बोटाला विचार."

मला हे खूळ वाटायचं. मी पिरनवाडीहून धापा टाकत येणारी, नोकरीला जेमतेम चार महिने झालेली, आणि शहाणपण कुणाकडून घ्यायचं नाही असा माझा स्वभाव.

एका शिष्यवृत्ती परीक्षेची प्रवेशपत्रं छापायचा प्रोग्रॅम मी केला होता. परीक्षा रविवारी, आणि शनिवारी दुपारी कडोलीकडच्या एका शाळेतून गुरुजींचा फोन आला. त्यांच्या अकरा मुलांची प्रवेशपत्रंच आली नव्हती. प्रवेशपत्र नाही तर परीक्षा नाही. मी त्यांची यादी उघडली. 'नाव', पुढे दोन टिंबं, पुढे मुलाचं नाव. सगळं जिथल्या तिथे होतं. टिंबांपुढचं नाव प्रोग्रॅमने उचलायचं, एवढंच काम. इतर शाळांची नावं उचलली होती, ही गाळली होती. ती ओळ मी वीसदा वाचली, प्रोग्रॅम तीनदा बंद करून चालू केला, शेवटी संगणकाला शिव्या घातल्या.

"सरक," आक्का म्हणाली. आधी तिने दुसऱ्या शाळेची ओळ घेतली आणि टिंबांकडे न बघता, नुसत्या कर्सरच्या उड्या मोजत बाणाची कळ दाबू लागली. "ना. व. टिंबं. तीन ठोके." मग कडोलीची. "ना. व... आणि संपलं की गं! एक ठोका कमी पडतोय."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो अपूर्णविराम नव्हताच, विसर्ग होता, 'दुःख'मधला. तो 'व'ला चिकटलेला, म्हणून कर्सर दोघांना एकाच उडीत ओलांडत होता. आक्काने गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, 'नाव'पुढं विसर्ग दिलाय तुम्ही."

"टिंबं दोनच की हो बाई!"

"दिसायला दोनच. मशीनला ते अक्षराचं शेपूट वाटतंय."

मी घाईघाईने अकरा नावं हाताने टाइप करायला घेतली, तर तिने माझं मनगट धरलं. "ह्यांचा फोन आला म्हणून कळलं. ज्यांनी फोन केला न्हाय, त्यांच्या पोरांचं काय?"

सगळ्या याद्या पुन्हा तपासल्या. निपाणीकडच्या एका शाळेची चार मुलं निघाली. त्यांच्या शाळेला पत्ताही नव्हता. मला माझीच लाज वाटली. संध्याकाळच्या आत पंधराही प्रवेशपत्रं गेली, आणि शेवटचं जाईपर्यंत आक्का ऑफिसभर येरझाऱ्या घालत होती.

गेल्या वर्षी एका सकाळी आक्का गेली. निपाणीच्या घरी कामावर यायची तयारी करता करता तिचं हृदय बंद पडलं. निपाणीला पोचले, तर तिच्या गल्लीच्या तोंडावर फलक लागलेला. आक्काचा फोटो, आणि खाली 'शोकाकुलः', पुढे घरच्यांची नावं. लोक रडत होते, मीही रडत होते, पण नजर त्या विसर्गावरून हलेना. शेवटी राहवलं नाही. तशीच उठून फलक छापणाऱ्याच्या दुकानात गेले आणि बदलून द्या म्हणाले.

"टिंबं दोनच की, आक्का," दुकानदार म्हणाला.

मला आजवर कुणी आक्का म्हटलं नव्हतं. मी त्याच्या कळफलकावर बाण दाबला. शो. का. कु. लः.

"एक ठोका कमी पडतोय," मी म्हणाले.