हेडमास्तरांसमोर मी उभी राहिले

मैत्रिणींनो, ऐका तर.

आज आमच्या हायस्कुलात पालकांची सभा होती. लढाईवरून नुकतेच परतलेले माझे वडील, आबा, मुद्दाम आले होते. हेडमास्तर म्हणाले, "शाळा उत्तम चाललीय. हवं तर मुलांना विचारा."

मॅट्रिक तोंडावर आलीय, म्हणून मी उठले. "सर, दिवाळीपासून इंग्रजीला मास्तरच नाहीत."

"उद्यापासून हिला घरीच ठेवा!" हेडमास्तर आबांवर कडाडले.

आबा सावकाश उठले. "आवं, पोरगी खोटं बोलली का, तेवढं सांगा."

मागे आणखी चार-पाच पालक उभे राहिले. हेडमास्तर नरमले. "महिन्याभरात मास्तर आणतो," म्हणाले.

आम्ही दोघं उंब्रजला, आमच्या गावी, परतलो. घराच्या दारात आबा एवढंच म्हणाले, "लय धीट झालीस. उद्या शाळंला येळंवर जा."

तुम्ही असतात, तर उठल्या असतात का?