शेवटच्या ओळीतलं नाव

इंग्लंडातला तो गाणारा माझ्या घरात आला तो एका खलाशी मित्राच्या पेटीतून. मित्राची बोट तिकडच्या एका बंदरात संपामुळे अडकली होती. गोदी कामगार गेटावर बसलेले, आणि हा पठ्ठ्या एकटाच गिटार घेऊन त्यांच्यापुढे गात होता. बाप गोदीतला हमाल, स्वतः शाळा अर्धवट सोडलेला, आवाज घोगरा. मित्राने तिथेच त्याची कॅसेट घेतली आणि रत्नागिरीत आल्यावर माझ्या हातात कोंबली. "तू शाईर ना? मग ह्येला ऐक. गोरा हाय, पन आपल्यातला वाटतो."

मी शाहीर म्हणजे काय, तर गणपतीत जाखडीच्या नाचाला गाणी रचणारा. बाकीचे दिवस सरकारी कचेरीत कारकून. इंग्रजी कामापुरतं. मित्र एकेक ओळ थांबवून अर्थ सांगायचा. खाण बंद पडली, घरभाडं वाढलं, मध्येच बायकोची आठवण. रेडिओवाल्यांनी एक गाणं नाकारलं, तर यानं ते दुसऱ्या दिवशी भर चौकात म्हटलं म्हणे. आणि मी वर्षानुवर्षं त्याच त्या गवळणी रचत होतो. माझी मलाच लाज वाटली.

पुढे मित्राने बोट सोडली आणि हातखंब्याला चहा-वड्याची टपरी टाकली. मग हायवे रुंद व्हायला लागला, टपऱ्या उठणार असं ठरलं. ते कागद आमच्याच कचेरीतून निघत होते. त्या गणपतीत मी पहिल्यांदा पोटातलं लिहिलं. रस्ता कुणाचा आणि धूळ कुणाची, असं. चाल त्या गोऱ्याची, ठेका आमच्या मृदंगाचा. आमच्यात रिवाज असा, की शेवटच्या ओळीत रचणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं. त्याशिवाय गाणं पुरं होत नाही. मीही गुंफलं होतं. पण आमचे साहेब पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसणार असं कळलं, आणि मी माझं नाव खोडून तिथे मित्राचं बसवलं. अक्षरं बरोबर जुळली. नोकरीही वाचली.

गाणं गाजलं. मित्र भर मांडवात मला मिठी मारून रडला. "माजं नाव घातलंस रं! येवढा मान कुनी दिला न्हवता." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. महिन्याभराने टपरीवाल्यांना पर्यायी जागा देण्याची यादी निघाली. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. यादी माझ्याच टेबलावरून गेली. साहेब एवढंच म्हणाले, "तुमच्या त्या कवीला गाण्यांवर पोट भरू दे." गाणं माझं आहे हे न सांगता मी यादी पुढे सरकवली. मित्र सावर्ड्याला मेव्हण्याच्या दुकानात सामान बांधून द्यायला लागला.

आता मी निवृत्त आहे. तो गाणारा मोबाइलवर दिसतो. दाढी पांढरी, आवाज आणखी बसलेला, पण नर्सांच्या संपात भिजत उभा असतो. आधी स्वतःचं नाव सांगतो, हे मी लिहिलंय, कुणाला खुपलं तर मला विचारा, म्हणतो. मी फोन पालथा ठेवतो. किती वेळा ठरवलं, सावर्ड्याला जायचं आणि मित्राला खरं सांगून टाकायचं. कधी गुडघा दुखत होता, कधी एसटी चुकली. सगळ्या थापा.

शेवटी गेलो तो त्याच्या तेराव्याला. जेवणं उरकल्यावर त्याची बायको समोर येऊन बसली.

"भावोजी, त्येंच्या नावाचं गानं म्हना. दुकानात येनाऱ्या परत्येकाला सांगायचे, शाईराने सोताचं नाव बाजूला ठेवून माजं घातलान. असा मैतर कुनाला हाय, म्हनायचे."

मी म्हणायला लागलो. शेवटच्या ओळीशी थांबलो. एकदा वाटलं, इथे माझं नाव घ्यावं आणि सगळं सांगून मोकळं व्हावं. पण मोकळा मी होणार, आणि तिच्याजवळ त्याचं म्हणून काय राहणार? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी त्याचंच नाव घेतलं.

तिने मला हात जोडले.