तिसऱ्या ठेक्यावरची अडखळ

गुब्बिओ गावच्या विवियानो पिंजाऱ्याला देवानं शब्द भरभरून दिले, आणि त्यानं ते गुत्त्यात उधळले. पेलाभर दारूसाठी तो कुणाचीही टिंगल गाण्यात बसवायचा, पाद्रीबाबांच्या गेंगाण्या आवाजासकट. आता खोकल्यानं छाती पोखरली होती. मरण्याआधी एक तरी खरं भजन लिहायचं, एवढीच इच्छा उरली होती.

पापं धुण्यासाठी अंगावर फटके मारून घेणाऱ्या बंधुमंडळाला त्यानं ख्रिस्ताच्या मरणाच्या शुक्रवारसाठी त्याच्या आईचा, मारियेचा विलाप लिहून द्यायचं कबूल केलं. चाळीस दिवस उपास काढले, पण एक ओळ सुचेल तर शपथ.

"काय कविराज," उगुच्चोने नावाचा मंडळाचा प्रमुख म्हणाला, "मारियामाय बोलेना होय? पेला पुढं करून बघ की!"

सगळे हसले. विवियानोही हसला, त्याला जन्मभर तेवढंच जमलं होतं.

शुक्रवारी तो रिकाम्या हातानं चर्चच्या दाराशीच थांबला. मंडळात भजनाला नाचगाण्याची चालसुद्धा चालायची. आत रिक्का धोबीण मारियेचा विलाप गात होती. तिचा मुलगा त्याच हिवाळ्यात गेला होता.

"बाळा, पाय किती गार पडले रे तुझे..."

शब्द तिचे, चाल विवियानोची. रिक्का लंगडते म्हणून त्यानं एकदा तिच्या टिंगलीच्या गाण्यात तिसऱ्या ठेक्यावर मुद्दाम अडखळ ठेवली होती. आता नेमका तिथंच तिचा हुंदका बसत होता.

"कुणाची रे चाल?" शेजारच्या भिकाऱ्यानं डोळे पुसत विचारलं.

"तिचीच," विवियानो म्हणाला, आणि खोकला दाबून ती अडखळ पुन्हा येण्याची वाट बघत राहिला.