शिंगवाल्या सायकलीची चाकं

येडबाविषयी चांगलं बोलायचं म्हणजे मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान. पत्र्याचं शेड, भाड्याच्या बारा सायकली, नांदेडहून आणलेला पोलादी टेप. आणि येडबा हा मेंढरं राखणाऱ्या ग्यानबाचा मुलगा. बापाची मेंढरं भावाच्या हवाली करून समोरच्या लिंबाखाली पोतं अंथरून बसला, आणि पाच वर्षांत माझी निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली.

त्याच्याकडे मापाला टेपसुद्धा नव्हता. त्याची आई कासाबाई लोकर कातायची. तिच्या दोऱ्याला गाठी मारून हा मोजायचा. लोकर ताणते, माप चुकतं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. माप काही चुकत नव्हतं. त्याने आऊट काढलेलं, म्हणजे डुगडुग काढून सरळ केलेलं एक चाक मी गुपचूप फिरवून पाहिलं होतं. केसभरही हलत नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शहाऐंशी साली दिनकररावांनी माळ्यावरून एक सायकल काढली. त्यांच्या चुलत्यांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली, विलायती, रेसची. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. चाकं मात्र गंजून गेलेली, आणि सत्तावीस इंची. त्या मापाचा टायर परभणीत नाही, नांदेडात नाही. मी म्हणालो, सव्वीसची चाकं घालावीत तर ब्रेकची रबरं रिमेपर्यंत पोचणार नाहीत, भंगारात द्या. दिनकरराव सायकल घेऊन सरळ लिंबाखाली गेले. गावात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. ती सायकल चालली तर ताडकळसचा मिस्त्री कोण, हे ठरून जाणार होतं, आणि तो मी नसणार होतो.

येडबाने सायकल लिंबाच्या फांदीला टांगली. त्याची कामाची रीतच तशी. सव्वीसची चाकं बसवली. रबरं बोटभर वर राहिली तेव्हा लोहाराकडून दोन पट्ट्या कापून आणल्या, त्यांना भोकं पाडली आणि ब्रेकच खाली उतरवला. मी हे सगळं माझ्या स्टुलावरून बघत होतो. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ना, तशी माझी गत. आठव्या दिवशी चाक फिरलं, ब्रेक लागला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

मग मला एक गोष्ट दिसली. चाक लहान झालं म्हणजे सगळी सायकल बोटभर खाली आली. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळणावर कलली की खालचं पायडल जमिनीला टेकणार. टांगलेल्या सायकलीखाली जमीनच नसते, त्यामुळे येडबाला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं. सांगायला रस्ता ओलांडायचा होता, वीस पावलं. मी चहा मागवला.

दुरुस्त केलेली सायकल आधी स्वतः चालवल्याशिवाय तो कुणाला देत नसे. मारुतीच्या पारापाशी वळला, पायडल टेकलं, आणि उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून तो माझ्या दुकानात आला. गाल खरचटलेला. बराच वेळ माझ्या टेपकडे बघत उभा राहिला.

"भुजंगदादा, तुमी समोरच बसले व्हते. पायडल टेकंल, हे तुमच्या ध्यानात आलं व्हतं का?"

हो म्हणावं तर मी शहाणा ठरत होतो, पण माणसाला पडताना बघत बसलेला शहाणा. मी म्हणालो, "न्हाई गा. माझ्याबी ध्यानात आलं न्हाई."

त्याचा चेहराच उजळला. "मंग बरं झालं. रातभर मला वाटायलंय, हे काम आपलं न्हवं, मेंढराकडं जावं वापस. तुमालाच कळलं न्हाई, तर मला कुठून कळावं."

म्हणजे खरं बोललो असतो, तर लिंबाखालची जागा त्याच दिवशी रिकामी झाली असती.

हात बरा झाल्यावर, पायडल जमिनीपासून वर राहावं म्हणून, त्याने लहान सायकलीचे आखूड दांडे शोधून पायडलांना लावले. त्या वर्षी नामांतराच्या बंदात एसटी उभी राहिली, तेव्हा दिनकरराव त्याच सायकलीवर पूर्णेला जाऊन आले आणि परत येताना लिंबाखाली उतरले. माझ्या दुकानाकडे त्यांनी बघितलंही नाही.

येडबा आजही नव्या गिऱ्हाइकाला ती हकिगत सांगतो. पायडलाचं भुजंगदादालाबी कळलं नव्हतं, म्हणतो, आणि माझ्याकडे बघून मानाने हात वर करतो. मीही हात वर करतो.