गोत्र विचारले, अंक सांगितले

हे मी आजवर कोणाजवळही उच्चारलेले नाही — देवासमोरसुद्धा नाही. रोज संध्येला बसतो, ओठांपर्यंत येते, आणि आचमनाच्या पाण्याबरोबर गिळून टाकतो. तुम्हाला मात्र सांगतो.

झाशीत आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या पौरोहित्यात गेल्या. मी संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर बँकेचे खाते मोबाइलवर आणून दिले ते माझ्या सुनेने, सुनीताने. ती झाशीजवळच्या बरुआसागरची, आमच्याशी हिंदीत बोलते. तेव्हाच तिने बजावले होते, “बाबूजी, भगवान भी फ़ोन करके पूछें, तो ओटीपी मत बताइयो.” मी हसलो होतो. पुढे देवळात पुराणकथा सांगे, तिच्या शेवटी श्रोत्यांना हाच उपदेश मीही करू लागलो!

आणि एका दुपारी फोन आला. बँकेतून बोलतो म्हणाला — मराठीत. या गावात घराबाहेर अशी शुद्ध मराठी कानी पडते कुठे? तरी मी बेसावध नव्हतो. मी त्याची परीक्षा घेतली. होय, परीक्षा — गोत्र विचारले. त्याने गोत्र, प्रवर, शाखा न अडखळता सांगून अभिवादन केले. एवढे जाणणारा मनुष्य परका कसा असेल? मी ‘आयुष्मान भव’ म्हणालो, आणि पडद्यावर आलेले अंक वाचून दाखवले. मला लुटणाऱ्याला मीच दीर्घायुष्य चिंतिले.

पण हा झाला मूर्खपणा. मूर्खपणा कबूल करायला इतका काळ कशाला लागतो?

थोड्याच वेळात खाते रिकामे झाल्याचा संदेश आला. आणि मी काय केले? त्या कॉलची नोंद पुसली. ती कशी पुसायची, हेही सुनीतानेच शिकवले होते.

संध्याकाळी बँकेचा तो संदेश पाहून मुलाने विचारले, “बाबा, तुम्ही कोणाला काही सांगितलंत का?” तक्रार लगेच, नीट झाली असती तर रक्कम कदाचित अडली असती. जन्मभर सत्यवचनाचा पाठ देणारा मी म्हणालो, “नाही.” तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण मी पुढे म्हणालो, “सकाळी सुनीता माझ्या फोनवर काहीतरी दाबत होती.”

ती भांडेल, असे वाटले होते. पण ती म्हणाली, “शायद मुझसे ही कुछ दब गया होगा.” तिने स्वतःच्या स्मरणापेक्षा माझा शब्द खरा मानला. हे मी कल्पिले नव्हते. तरीही मी खरे सांगितले नाही.

ती ब्लाउज शिवते. शिवणयंत्राजवळ चिकटवलेला पैसे घेण्याचा कोड तिने दुसऱ्याच दिवशी खरवडून काढला. आता रोखच घेते. बायका थट्टा करतात, भाभी, कौन से ज़माने में हो. काही जणी येईनाशाही झाल्या. मुलगा अजून तिच्या हाती माझा फोन देत नाही.

परवा तिच्या मोबाइलवर वीज तोडण्याची धमकी देणारा संदेश आला. फोन विंचवासारखा लांब धरून ती माझ्याकडे आली. “आप ही देख लीजिए, बाबूजी. आपसे गलती नहीं होती.”

मी चष्मा लावला. लबाडी ओळखली, संदेश पुसला, फोन परत दिला. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.