लाखोरीचं काडतूस

आता तुम्ही चहा पिता पिता ऐकाल अन् मधातच हसाल, ते मले माहीत आहे. हसा. पण चूक पुरी माझीच होती असं कोणी म्हणलं, तर मी इथून उठून जाईन. अर्धी चूक माझी होती. बाकीची अर्धी कोणाची, ते तुम्हीच ठरवा.

विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला अन् आम्ही कटंगीकडचे लोक इकडे मध्यप्रदेशातच राह्यलो, त्याले तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात आमचे हे वारले. पोरी आपापल्या सासरी. मागं राह्यलं काय? मी, नाल्याकाठची एक बांधी अन् भिंतीवरची बंदूक. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. नाल्यापलीकडे जंगल, अन् जंगलात रानडुकरं. धान लोंबीवर आलं का दिवेलागणीले ती नाला ओलांडून येत, अन् खात कमी, लोळत जास्त. त्यांच्यापायी बंदुकीचं लायसन मिळालं होतं. हे गेल्यावर कचेरीतल्या साहेबानं ते माझ्या नावानं करून दिलं.

हेच माझ्या दिराले, मनिरामले, पचलं नाही. त्याची बांधी माझ्या बांधीले लागून, मधात फक्त एक बांध. तेरवी झाली अन् दुसऱ्याच दिवशी तो ओसरीवर येऊन बसला. मोठ्या मायेनं म्हणे, "वैनी, बांधी मले अधियानं द्या अन् बंदूकबी माझ्याकडं ठेवा. डुकरं हाकलनं बाईमानसाचं काम नोहे."

अधिया म्हणजे कसायचं त्यानं, धान अर्धं-अर्धं. आज अर्धं धान, उद्या अर्धी बांधी, अन् परवा मी त्याच्या ओसरीवर ताट घेऊन बसलेली! मी सरळ नाही म्हणलं. मग गोष्ट गेली गावच्या पटेलाकडे. पटेल म्हातारा, अन् शब्द असे वापरे जसं काही ते विकत आणले आहेत. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं अन् म्हणे, "कापनीपर्यंत पाहू. धान उभं राह्यलं, तर बांधी बाईची. नाही राह्यलं, तर मनिरामची."

एवढं झाल्यावर मी घरी यायचं का नाही? पण मनिराम मिशीत हसला. ते हसणं मी पाह्यलं, अन् माझी जीभ सुटली.

"पटेल, आनखी आयका. माझा एक जरी बार फुकट गेला, तर मी आपल्या हातानं ही बंदूक मनिरामभाऊजीच्या खुंटीवर टांगीन."

सांगा, विचारलं होतं का कोणी?

आता ती बंदूक. कोण्या जुन्या ठेकेदाराकडून ह्यांनी घेतलेली. तिची नळी कोणत्या मापाची होती हे बनवणाऱ्यालेच माहीत. बाजारचं एकही काडतूस तिच्यात बसत नसे. ह्यांनी तांब्या-पितळेच्या कारागिराकडून काडतुसाच्या बारा पितळी खोळी घासून-ठोकून करून घेतल्या होत्या. त्या आमच्या बंदुकीत जात, जगात दुसऱ्या कोणाच्या नाही. हे त्या भरत तेव्हा मी बाजूले बसून हातात एक-एक वस्तू देई. पंधरा वर्षं पाह्यलं होतं. पोळ्या पाहूनच शिकलो ना आपण? मग हे काय वेगळं?

बारुदीचं माप ह्यांनी एका टोपणात बांधून ठेवलं होतं. त्याले मी हात लावला नाही, मी खुळी नव्हती. छर्रे मात्र संपले होते. ते आणाले मी बसनं बालाघाटले गेली. दुकानदारानं लायसन पाह्यलं, मले पाह्यलं, पुन्हा लायसन पाह्यलं. बारूद दिली, बार पेटवायच्या टोप्या दिल्या. मग त्यानं छर्ऱ्याच्या आठ-दहा थैल्या मांडल्या, प्रत्येकीवर नंबर लिहिलेला.

"कौन सा नंबर दूँ, बाई?"

आता खरं सांगते. मले नंबर वाचता येत नव्हते. कोणता बारीक, कोणता मोठा, एक विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण दुकानात चार माणसं उभी होती, अन् चौघंही माझ्याकडंच पाहून राह्यली होती.

मी म्हणलं, "तुम्हारे दुकान का एक भी नंबर अपने को पसंद नहीं."

अन् निघाली. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं, का आता बंदुकीत भरायचं काय?

मग सुरू झाली माझी पसंती. पोरीसाठी नवरा पाहताना एवढा विचार केला नव्हता. मीठ? ह्यांनी सांगून ठेवलं होतं, मीठ नळी खाते. नाल्याची रेती? ती नळीले आतून चरे पाडते. ज्वारी? हलकी, उडून जाईल. तांदूळ? लक्ष्मी आहे ती. तीन दिवस मी घरातले डबे उघडून दाणे तळहातावर घेऊन पाहत होती. जावेनं, मनिरामच्या बायकोनं, एकदा विचारलं, काय शोधून राह्यल्या बाई? मी म्हणलं, खडे निवडून राह्यली.

चौथ्या दिवशी हात लाखोरीच्या, म्हणजे अख्ख्या लाखडाळीच्या, मडक्यात गेला. लाखोरीचा दाणा कधी नीट पाह्यला का तुम्ही? गोल नसतो तो. कोनाकोनाचा, झिजलेल्या कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, अन् टणक असा, का दात पडावा. डुकराले मारायचं मले नव्हतंच, त्याले फक्त अक्कल शिकवायची होती. त्या कामाले लाखोरीसारखं दुसरं काही नव्हतं. साहेब लोकांच्या कारखान्याले जे सुचलं नाही, ते मले माझ्या रांधणीत सुचलं! माझ्या जुन्या जांभळ्या लुगड्याच्या चिंध्या वर ठासल्या, अन् बारा खोळींपैकी अकरा भरल्या. बारावी चेपलेली होती. कोणाले काही सांगितलं नाही. विचारलंच तर मी म्हणे, "छर्रा हाय, खास हाय."

धान लोंबीवर आलं, त्या महिन्यात मी अकरा बार काढले. दिवेलागणीले बांधावरच्या मचाणीवर बसायची. नाल्यात डुकरं खसखसली का बंदूक खांद्याले लावायची अन् घोडा ओढायची. धाड! घोडा ओढताना मी डोळे मिटत होती असं मनिराम आजही सांगते. साफ खोटं. धूर होता. काळ्या बारुदीचा धूर म्हणजे भरल्या चुलीत तोंड घातल्यासारखं. त्यात उघडा डोळा काय अन् मिटलेला काय? अन् बंदूक अशी लाथ मारे का मी अर्धी फिरून जाई. पण धूर हटला का एकही डुक्कर दिसत नसे. फक्त पळताना केकाटणं ऐकू येई. लागल्याबिगर कोणी केकाटते का?

मी विहिरीवर सांगत गेली. पहिल्या दिवशी म्हणलं, एकाले लागलं. तिसऱ्या बाराले ते दोन झाले. सातव्या बारापर्यंत मी डुकरांले ओळखून राह्यली होती, कोणाच्या कानाले लागलं, कोणाच्या फऱ्याले.

त्यातच शेजारचा शंकर भांडाले आला. त्याचं पाळलेलं डुक्कर लंगडून राह्यलं होतं. म्हणे, काकी, तुमचाच बार लागला. आता पाळलेलं डुक्कर माझ्या बांधीत आलं नव्हतं, हे मले पक्कं माहीत होतं. पण अख्ख्या गावासमोर कोणीतरी म्हणत होतं का माझा बार लागला! मी म्हणलं, "हौ, माझाच असन. माझा नेम चुकत नाही." अन् त्याले टोपलंभर तांदूळ दिला. आठ दिवसांनी त्याच्या बायकोनं त्या डुकराच्या पायातून बाभळीचा काटा काढला. तांदूळ परत नाही आला.

कापणी आली. माझं धान उभं! कुठं दोन-चार ठिकाणी लोळलेलं, बाकी पिवळंधमक. माझ्याकडून पळालेली डुकरं मनिरामच्या बांधीत जाऊन पडत, त्याचंच धान जास्त नासलं होतं. पटेल आला, बांधावरून फिरला अन् म्हणे, "बांधी बाईची."

मी मनिरामकडे पाह्यलं. आता माझी पाळी होती मिशीत हसायची, पण मिशी नव्हती.

तेव्हा पटेल मनिरामच्या बांधीत उतरला. त्याचं धान त्याच सकाळी कापून झालं होतं. धसकटात हिरवं काहीतरी होतं. पटेल वाकला.

अन् आता जे मले आधीच कळाले पाहिजे होतं, ते तुम्हाले सांगते. आमच्याकडे लाखोरी पेरत नाहीत, फेकतात. कापणीच्या आधी धान उभं असतानाच ओल्या बांधीत मुठीनं लाखोरी फेकायची. धान निघते, खालून लाखोरी येते. शेंबडं पोरगं हे सांगेल. मी स्वतः पंचवीस वर्षं फेकली होती. पण ते हातानं हो! बंदुकीतून फेकलेली लाखोरीबी लाखोरीच राहते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या साली डुकरांच्या धांदलीत हातानं ना मी फेकली, ना मनिरामनं. काही दाणे बारुदीनं भाजले असतील. बाकीचे उगवले.

अन् कसे उगवले! हातपंख्यासारखे. अकरा पंखे, एकाच्या बाजूले एक. सगळ्या पंख्यांच्या मुठी माझ्या मचाणीकडं. मधात जागोजागी जांभळ्या चिंध्या. माझ्या बांधीत, जिथं डुकरं येत, तिथं लाखोरीचं एक पान नाही.

पटेलानं एक चिंधी उचलली, माझ्याकडं पाह्यलं.

मी म्हणलं, "पाखरानं टाकली असन."

मनिराम मोठा बिलंदर. आरडाओरडा केला असता तर मी भांडून निभावून नेलं असतं. तो डोकं खाजवत हळूच म्हणे, "नाही वैनी, पाखरं नोहे. मीच फेकली असन, इसरून गेलतो. बरी आली. माघात शेंगा निघतीन, डाळ होईन."

बस, फक्त गप्प राहायचं होतं. नेम माझा, बंदूक माझी, इज्जत माझी. पण माझ्या मडक्यातली लाखोरी, मी तीन दिवस निवडलेली, अन् डाळ त्याच्या घरी शिजणार?

"तुनं फेकली? कधी फेकली? बी माझं हाय! एक-एक दाना माझ्या हातचा हाय! अर्धं पीक माझं!"

पटेलानं चिंधी झटकली. "बरं बाई. अर्धं तुझं. पन मंग हे सांग, डुकरं तर तिकडं होती. तुझं बी इकडं कसं आलं?"

माझी जाऊ हसू दाबाले पदरात तोंड घालून खाली बसली.

बंदूक मी मनिरामच्या खुंटीवर टांगली. सगळ्या गावासमोर, ताठ मानेनं. दहापर्यंत मोजलं, काढली अन् घरी आणली. टांगीन म्हणलं होतं, ठेवीन कधी म्हणलं होतं? लायसन माझ्या नावाचं, बांधी माझी, अन् धान वाचलं का नाही? वाचलं! हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. त्या लाखोरीचं अर्धं पीकबी घेतलं, मोजून.

दुसऱ्या वर्षी लाखोरी फेकायचे दिवस आले. मी ओसरीवर सूप घेऊन बसली होती. मनिराम खांद्यावर गमछा टाकून आला, अन् इतक्या साध्या तोंडानं बोलला का मले राग येऊच नये.

"वैनी, यंदा मजूर भेटत नाही. तुमी बंदूक घेऊन चालता का? फक्त एवढं करा, नेम आपल्या बांधीवर धरा, म्हंजे माझ्या बांधीत बराबर पडन."