बुलढाण्याची ट्रेनिंग अन् माह्यी कोरी सही

माह्या नवऱ्यानं मले बुलढाण्याले मेंबरायच्या ट्रेनिंगले एकटीले पाठोलं, कारण या बारीले नवरे चालत नाईत असा कागद आला. नाई तं माह्या मेंबरकीची सारी तकलीफ तेच घेतात. मिटिंगले तेच जातात, खुर्चीवर तेच बसतात, चहा बी तेच पेतात. बिचारे. मी फक्त निवडून आली.

आमचं गाव वरवट बकालच्या जोळ. पंचायतीत सात जन, त्यातल्या आमी चार बाया. मिटिंगच्या दिवशी चपराशी रजिस्टर घेऊन घरी येते. पान कोरं. "वहिनी, येथी करा," म्हनते. मी पिठाचा हात पदराले पुसते अन् सही करते. वरचं ते मंग सवडीनं लिहितात. तव्यावर पोळी फुगेपर्यंत आमच्या गावचं सरकार चालून जाते.

मले फिरायचा शौक नाई. मी भित्री हाय. एस्टीले भेते, सायबाले भेते, नवऱ्याच्या आवाजाले तं भेतेच भेते. पन गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या छताचा पोपडा पडला, तो माह्या परीच्या ताटात. चार वर्साची पोर. घरी येऊन सांगते, "आई, आज खिचडीत गोटा होता." तवापासून कोठी भांडं पडलं तरी मी पयले परीकडं धावते. नवऱ्याले म्हनलं, मिटिंगीत सांगा. "विषय मांडतो," म्हने. कोठी मांडला कोनाले मालूम. मले वाटलं, बुलढाण्याले कोनी मोठा सायब असन, त्याच्या कानावर घालून येऊ. म्हनून गेली.

तुमाले आमच्याकडून जायचं असन तं पयल्या गाडीनं निघा. वरवट बकालहून शेगाव, शेगावहून खामगाव, खामगावहून बुलढाणा. तीन गाड्या, तीन जागी धावपळ. कडेवर परी होती, अन् सोबत गोदाकाकू, दुसऱ्या वार्डाच्या मेंबर, साठीच्या, तोंडाच्या तिखट. बाईले अर्धं तिकीट. काकू कंडक्टरले म्हनल्या, "बापू, तिकीट अर्धं देतं ते ठीक, सीट तं पुरी देशीन?"

"काकू, सीट हायच कोठी? उभ्याच राहा."

"म्हंजे अर्ध्यात अर्धं झालं ना गा."

शेगावले कचोरी खाल्ली. गरम असन तं घ्या, थंडी घेऊ नका, नुसतं तेल हाती येते. खामगावच्या पुढं बोथ्याचं जंगल लागते. सागाची झाडं, वळनं, अन् अस्वल हाय म्हनून पाट्या. जागा लय सुंदर हाय म्हनतात. मी डोळे मिटून होती. परीनं एका वळनावर माह्या लुगड्यावर उलटी केली. लिंबू अन् प्लास्टिकची पन्नी सोबत ठेवा, जंगलाचा फोटो मंग काढा.

बुलढाण्याची हवा थंडी. हॉलमंधी पोहोचलो तं मांगच्या दोन लाइनी नवऱ्यायनं भरेल. कागद त्याईनंही वाचला होता, पन कागद दुसऱ्यासाठी असते. शिकवनाऱ्या म्याडमनं इचारलं, "सदस्य कोण कोण? हात वर करा." मांगून एक हात वर आला.

"तुम्ही सदस्य?"

"मी म्हंजे... आमची ही."

"मग भाऊ, तुम्ही बाहेर चहा घ्या. सगळ्यांनीच घ्या."

असे गेले, जसं कोनी घरातून काढलं.

मंग म्याडमनं सांगतलं. मले वाटलं होतं नळाचं, नालीचं सांगतीन. तिनं फ्रान्स काढलं. म्हने, पयले राजे सांगत, आमाले देवानं बसोलं, तुमी इचारनारे कोन? तं काही शिकेल लोकायनं पुस्तकात लिहिलं की नाई, मानूस हक्क घेऊनच जन्मते. सरकार म्हंजे करार हाय. लोकायनं हो म्हनलं म्हनून राज्य चालते, अन् करार मोडला तं लोक हो परत घेऊ शकतात. ते वाचून अमेरिकेतल्या लोकायनं इंग्रजाच्या राजाले सांगतलं, आमाले इचारल्याबिगर कर नाई. फ्रान्सात तं भाकर महाग झाली, तवा बाया भर पान्यात चालत राजवाड्यावर गेल्या अन् राजाले शहरात घेऊन आल्या. पुढं त्याचं मुंडकंच कापलं.

"व माय," गोदाकाकू म्हनल्या, "अन् सरपंच?"

सारा हॉल हासला. म्याडम बी हासली. मंग म्हने, गंमत पुढं हाय. हक्काचा कागद लिहिला तवा त्या पुरुषायनं तो पुरुषासाठीच लिहिला. बायाले मत नाई. म्हंजे चालाले बाया, लिहाले पुरुष. मले फ्रान्स एकदम आमच्या तालुक्यातलं वाटलं.

मी कधी बोलत नाई. त्या दिवशी उठली. "म्याडम, करार म्हंजे सही लागत असन ना? अन् सही कोऱ्या पानावर केली तं?"

म्याडम म्हनली, "तर ताई, वर काहीही लिहिता येतं. आणि ते तुम्हीच मान्य केलेलं असतं."

बाकीचं मले ऐकू आलं नाई. मी मनातल्या मनात सह्या मोजत होती.

रात्री तेथीच राह्यलो. राहनं-जेवन त्यायचंच, वरन लय पातळ. सायब काही भेटला नाई. सकाळी निघालो. खामगावच्या स्टँडवर फोन वाजला.

"कोठी हाय वं? चपराशी येऊन बसला. तीन वाजता मिटिंग हाय."

"कायची?"

"कमानीची. वेशीत कमान बांधतो. अंगणवाडीचा पैसा यंदा तिकडं वळवतो. तू ये लवकर, सही राह्यली."

मी फोन बंद केला. काकूले सांगतलं तं म्हनल्या, "घरी जाऊच नको. सीधी पंचायतीत चाल."

पिशवीसकट गेलो, कडेवर परी, लुगड्याले कालच्या उलटीचा वास. सरपंच उठून हासले, "अरे वा वहिनी! तुमी काऊन तकलीफ घेतली?"

"खुर्ची पाहाले आलो," काकू म्हनल्या. "आमची बी एक हाय म्हनतात."

माह्या खुर्चीवर माहे मालक. त्याईनं असं पाह्यलं की मी परत फिरनार होती. पन परी वर छताकडं पाहत होती. आता जेथी जाते तेथी ते पोर पयले छत पाह्यते.

"उठा जी थोडे," मी म्हनलं. "बाई थकून आली."

उठले. लोकायसमोर होते म्हनून उठले.

रजिस्टर ओढलं. पान कोरंच. नववी शिकेल हाताचे वाकडे अक्षर काढले: अंगणवाडीचं छत पयले, कमान मंग. त्याच्या खाली सही. काकूनं त्याच्या खाली केली.

पुरुष मेंबर तीन. कमानीले चवथी सही पाह्यजे. चपराशी कमान लिहेल दुसरं पान घेऊन बाकी दोघीच्या घरी धावला. लय वेळानं आला, पानावर सही नाई.

"काय झालं बे?" सरपंचानं इचारलं.

"दोघीही म्हनतात, काय लिहिलं ते पयले वाचून दाखवा."

"मंग?"

"वाचलं. तं म्हनतात, आमचे लेकरं बी त्याच छताखाली बसतात."

मुंडकं कोनाचं कापलं नाई. चहा आला, तो आमाले बी भेटला.

छत अजून झालं नाई. लेकरं सध्या शाळेच्या वऱ्हांड्यात बसतात. कमानीचे गोटे वेशीत पडेल हायेत, त्यावर बकऱ्या चढतात. मालक आठ दिवस बोलले नाईत. जेवले मात्र रोज. बुलढाण्याहून मी नेलं तेवढं भेव वापस आनलं. थंडी हवा, जंगल, पातळ वरन, सारं विसरली. म्याडमचा करार तेवढा डोक्यात राह्यला.

परवा चपराशी रजिस्टर घेऊन आला. मी पोळी लाटत होती. दारातूनच म्हने, "वहिनी, वाचून दाखवू का पयले?"

"नको. आन इकडं. मले वाचता येते."

पान भरेल होतं. एक-एक ओळ बोटानं वाचली. साऱ्या पानाले पीठ लागलं. तव्यावरची पोळी जळली. जळू देली.